‘विंड रिव्हर’: खून कुणी केला आणि खटला कुणी चालवायचा

२०१७च्या ‘विंड रिव्हर’ या अमेरिकन चित्रपटात शवविच्छेदनाचा एक छोटा प्रसंग आहे. अठरा वर्षांची मुलगी रात्रीच्या बर्फातून अनवाणी मैलोगणती पळाली. शून्याच्या कितीतरी खालची हवा छातीत जाऊन जाऊन फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि ती पडली ती उठलीच नाही. तिच्यावर अत्याचार झालाय, ती जिवाच्या भीतीनं पळत होती, हे डॉक्टरला दिसतंय. पण मृत्यूच्या कारणाखाली तो ‘खून’ असं लिहू शकत नाही. आणि तो शब्द नसेल तर अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा आणखी माणसं पाठवणार नाही.

बेळगावच्या शहापुरात आम्ही चार-पाच जणांनी मिळून हा चित्रपट पाहिला. प्रसंग संपल्यावर पहिला प्रश्न आला तो हाच: एका शब्दावर एवढं का अडतं? पोलीस तर तिथं आहेत. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं आहे. बाची संपून शिनोळी लागली की पोलीस ठाणं बदलतं, राज्य बदलतं. पण खुनाचं कलम तेच राहतं आणि आरोपी कुठल्या समाजाचा यावरून कोर्ट बदलत नाही. १ जुलै २०२४पासून तर गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी लागते. वायोमिंग राज्यातल्या त्या बर्फात ‘कुठे’ या प्रश्नानं काम भागत नाही. मारणारा कोण आणि मेलेला कोण, हेही आधी ठरवावं लागतं. चित्रपटाचं खरं रहस्य मला तरी तिथंच दिसतं.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. आमच्यातला एक जण सारखा ‘आरक्षणावरचा सिनेमा’ म्हणत होता. त्याची चूक नव्हती, इंग्रजी शब्द एकच आहे: ‘रिझर्व्हेशन’. पण इथं नोकरी-शिक्षणातल्या जागांचा काही संबंध नाही. हा राखीव भूभाग आहे, आणि ‘राखीव’चा अर्थही नीट घ्यायला हवा. मूळ अमेरिकन जमातींनी तहांमध्ये अफाट मुलूख सोडला आणि एक तुकडा स्वतःसाठी राखून ठेवला. सरकारनं तो त्यांना दान दिलेला नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंच १९०५च्या एका निकालात हे मांडलं: तह म्हणजे जमातींना मिळालेले हक्क नव्हेत, जमातींनी दिलेले हक्क आहेत, आणि जे दिलं नाही ते त्यांच्याचकडे राहतं. आपल्याकडे वाटणी करताना म्हातारा-म्हातारी विहिरीजवळचा तुकडा आपल्या नावावर ठेवतात. तो तुकडा पोरांनी दिला, असं कुणी म्हणत नाही. पण अमेरिकेत पुढची शंभर वर्षं तसंच म्हटलं गेलं.

चित्रपट घडतो त्या विंड रिव्हर या राखीव भूभागाचा जुना इतिहास थोडक्यात असा. १८६३च्या तहात पूर्व शोशोनी जमातीकडे ४ कोटी एकरांहून जास्त मुलूख होता. १८६८च्या तहात तो ३० लाख एकरांच्या आसपास आला. १८७८मध्ये त्यांच्या जुन्या वैरी उत्तर अरापाहो जमातीलाही तिथंच आणून ठेवलं. आजचा भूभाग साधारण ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या दोन तृतीयांश भरेल एवढा. चित्रपटात एवढ्या भागासाठी पोलीस सहा.

१९०५च्या कायद्यानं नदीच्या उत्तरेचा मोठा पट्टा बाहेरच्यांना वस्तीसाठी खुला झाला आणि १९०६मध्ये तिथं रिव्हरटन हे गाव वसलं. जमातींनी तेव्हा जमिनीची फक्त मालकी सोडली की हद्दही सोडली, याचा वाद शंभर वर्षांनंतरही मिटला नव्हता. २०१३मध्ये केंद्रीय पर्यावरण यंत्रणेनं गाव राखीव भूभागातच आहे असं ठरवलं. फेब्रुवारी २०१७मध्ये अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतांनी ते उलटवलं, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तो जानेवारी २०१७मध्ये, म्हणजे त्याच हिवाळ्यात. २००४पासून दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याच्या तारखा मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना, गाव कुणाच्या हद्दीत हे कागदावरच्या एका क्रियापदावर कसं ठरतं, हे फोड करून सांगायला नको.

फौजदारी बाजूची सुरुवात मात्र दुसरीकडे, डाकोटात झाली. १८८१मध्ये एका जमातीच्या प्रमुखाला त्याच जमातीतल्या माणसानं गोळी घातली. दोन्ही घराण्यांनी ६०० डॉलर, आठ घोडे आणि एक घोंगडं देऊन-घेऊन ते वैर मिटवलं. बाहेरच्या कोर्टानं मात्र मारेकऱ्याला फाशी सुनावली. १८८३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण जमातीच्या आतल्या भांडणात केंद्राला अधिकार नव्हता. देशभर ओरड झाली आणि १८८५मध्ये कायदा आला: खून, बलात्कार, जाळपोळ असे सात मोठे गुन्हे राखीव भूभागात जमातीच्या माणसानं केले तर खटला केंद्राचा. पुढे १९६८च्या कायद्यानं जमातींच्या कोर्टांना सहा महिन्यांहून जास्त शिक्षा देण्याची मुभाच ठेवली नाही. ती मर्यादा १९८६मध्ये एक वर्ष झाली आणि २०१०मध्ये, अटी घालून, तीन वर्षं. (बलात्कार १८८५पासून यादीत आहे. त्यामुळे ‘खून लिहिलं नाही म्हणून तपास यंत्रणा हात काढून घेते’ हा चित्रपटाचा तर्क कायद्यात पुरता बसत नाही. पण माणसं कमी आणि अंतर मोठं असलं की प्रत्यक्षात कसं होतं, ते त्यात खरं उतरलंय.)

१८८३ हे साल आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्याच वर्षी आपल्याकडे इल्बर्ट बिलावरून रण पेटलं होतं. मोफसलीतल्या हिंदी न्यायाधीशानं गोऱ्या आरोपीचा खटला चालवायचा का, एवढाच मुद्दा होता. गोऱ्यांनी तो हाणून पाडला. १८८४च्या तडजोडीत त्यांना निम्मी ज्युरी गोऱ्यांची मागण्याचा हक्क मिळाला. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि पलीकडचं बेळगाव ब्रिटिश मुलखात, त्यामुळे रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं, पोलीस बदलायचे. गोरा आरोपी मात्र कुठंही गेला तरी आपला वेगळा कायदा सोबत घेऊन फिरायचा. आपल्याकडे हा वर्णभेद फौजदारी कायद्यातून १९४९मध्ये पुरता निघाला. अमेरिकेत नेमकं उलट झालं, आणि तेही १९७८मध्ये.

त्या निकालापाशी थांबायलाच हवं. ऑगस्ट १९७३. वॉशिंग्टन राज्यात समुद्रकाठच्या एका लहान राखीव भूभागात जमातीचा वार्षिक उत्सव होता. हजारो माणसं येणार म्हणून जमातीनं परगण्याच्या शेरीफकडे आणि केंद्राकडे बंदोबस्त मागितला. मिळाला तो एक शिपाई, तोही सबंध उत्सवात एकाच आठ तासांच्या पाळीसाठी. बाकी रात्र जमातीच्या पोलिसांनीच सांभाळली. पहाटे साडेचारच्या सुमारास तिथंच राहणाऱ्या एका गोऱ्या माणसाला जमातीच्या अधिकाऱ्यावर हात उचलल्याच्या आणि अटकेला विरोध केल्याच्या आरोपाखाली पकडलं. जमातीच्या कोर्टाला माझा खटला चालवण्याचा अधिकारच नाही, असं म्हणून तो केंद्रीय न्यायालयात गेला. खालच्या दोन्ही पायऱ्यांवर तो हरला. सर्वोच्च न्यायालयात ६ मार्च १९७८ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी जिंकला.

निकालाची मांडणी वाचून मी अस्वस्थ झालो. जमातीचा हा अधिकार अमुक कायद्यानं काढून घेतला, असं त्यात नाही. काढून घेणारा कायदा कुणाला दाखवताच आला नाही. न्यायालयानं म्हटलं की जमातींना असा अधिकार नाही हे संसदेनं, राष्ट्राध्यक्षांनी आणि खालच्या न्यायालयांनी पूर्वीपासून न बोलता गृहीत धरलेलं आहे, आणि केंद्राच्या छत्राखाली येतानाच जमातींनी तो आपोआप सोडला. म्हणजे राखून ठेवलेल्या तुकड्यातून, कुठल्याही कागदावर न लिहिता, एक हक्क वजा झाला. त्या भूभागातली ६३ टक्के जमीन बाहेरच्यांच्या मालकीची आहे आणि तिथं जमातीचे जेमतेम ५० सदस्य राहतात, हे आकडेही निकालात आले. पण जमीन बाहेरच्यांकडे गेली कशी? सरकारच्याच वाटणी कायद्यांनी. राखीव भूभागांत बाहेरच्यांकडून होणारे गुन्हे वाढलेत हे न्यायालयानं स्वतः मान्य केलं, आणि त्याचा विचार संसदेनं करावा म्हणून हात झटकले. दोन न्यायाधीशांचं विरोधी मत अगदी छोटं आहे: संसदेनं स्पष्टपणे काढून घेतलेला नाही तोवर अधिकार जमातीचाच. मला ते बरोबर वाटतं.

आता चित्रपटाकडे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडावा. ड्रिलिंगच्या जागेवरच्या एका ट्रेलरमध्ये एकाच रात्री दोघांचा जीव जातो. मुलगी जमातीची, तिचा मित्र गोरा, आणि मारणारे त्याचेच सहकारी. ती जागा राखीव भूभागात धरली, तर २०१७च्या कायद्याप्रमाणे मुलीचं प्रकरण केंद्राचं. मित्राचा खून मात्र गोऱ्यानं गोऱ्याचा केलेला, म्हणून १८८१च्या एका निकालाप्रमाणे राज्याचा. आणि ज्यांच्या भूमीवर हे घडलं त्या जमातीच्या कोर्टाकडे तेव्हा दोन्हींपैकी एकही नव्हतं. बंदुका रोखून ‘इथं हुकूम कुणाचा’ म्हणत उभी राहिलेली माणसं पाहताना हे लक्षात असेल, तर तो प्रसंग निव्वळ थरार म्हणून बघवत नाही.

केंद्राकडे गेलेल्या प्रकरणांचं पुढं काय होतं? २००५ ते २००९ या काळात राखीव भूभागांतून आलेली निम्मी प्रकरणं केंद्रीय वकिलांनी खटला न भरताच परत केली. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत तर ६७ टक्के. २०१६च्या सरकारी अभ्यासात, जमातींतल्या ८४ टक्के बायकांनी आयुष्यात कधी ना कधी हिंसा सोसल्याचं आढळलं. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर येणारं वाक्य, की बेपत्ता झालेल्या या बायकांची आकडेवारीच ठेवली जात नाही, त्याची बाजू पुढच्या वर्षी आणखी उघडी पडली: २०१६मध्ये गुन्हे नोंदींच्या केंद्रीय संचात त्यांच्या बेपत्ता होण्याच्या ५,७१२ नोंदी होत्या, आणि न्याय खात्याच्या बेपत्ता व्यक्तींच्या यादीत ११६. ऑक्टोबर २०२०मध्ये या नोंदी आणि तपासातला समन्वय सुधारण्यासाठी दोन कायदे झाले.

१९७८च्या निकालाला पहिली चीर पडली ती २०१३मध्ये. जोडीदारावर हात उचलणाऱ्या बाहेरच्या माणसावर जमातीच्या कोर्टात खटला चालवायची वाट खुली झाली, पण त्याचं त्या भूमीशी नातं असलं तरच. अनोळखी माणसानं केलेला अत्याचार त्यात बसत नव्हता, म्हणजे चित्रपटातली मुलगीही बसली नसती. २०२२च्या कायद्यानं लैंगिक अत्याचार, पाठलाग आणि मुलांवरची हिंसा त्या यादीत आली. जमातीच्या पोलिसावर हात उचलणंही आलं, म्हणजे १९७३च्या त्या उत्सवातला गुन्हा ४९ वर्षांनी. खून त्या यादीत अजून नाही.