प्रिंटरची 9100 नंबरची खिडकी

2018 च्या नोव्हेंबरअखेरीस जगभरातल्या हजारो प्रिंटरमधून, कुणी काही छापायला दिलेलं नसताना, एक कागद बाहेर पडला. प्युडीपाय धोक्यात आहे, त्याचं चॅनल सबस्क्राइब करा, अशी त्यावर विनवणी होती. प्युडीपाय हा स्वीडिश यूट्यूबर, आणि त्याला मागे टाकायच्या बेतात होतं आपलं टी-सीरिज. हा उद्योग करणाऱ्याने स्वतःचं नाव 'हॅकर जिराफ' ठेवलं होतं. इंटरनेटला थेट जोडलेल्या यंत्रांची यादी देणारं शोडान नावाचं सर्च इंजिन आहे. तिथे आपल्याला 8 लाखांहून जास्त उघडे प्रिंटर सापडले आणि त्यातले 50 हजार निवडले, असं त्याचं म्हणणं. पासवर्ड फोडायची वेळच आली नाही.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर वेगवेगळ्या कामांच्या खिडक्या असतात. बँकेत पैसे भरायची वेगळी, पासबुकाची वेगळी, तसं. संगणकवाले त्यांना पोर्ट म्हणतात आणि त्यांचे नंबर 65535 पर्यंत जातात. छपाईची एक जुनी खिडकी 9100 नंबरची. तिचा कारभार असा, की समोर येईल ते घ्यायचं आणि छापायचं. कोण पाठवतंय, हे विचारायचं नाही. कोणीही यावं आणि टिकली मारून जावं! ऑफिसच्या बंदिस्त नेटवर्कमध्ये, चार ओळखीच्या माणसांत, हे खपून गेलं. पुढे प्रिंटर वायफायवर आला, घराघरांत आला, पण खिडकीमागचा बाबू तोच राहिला.

चार कागद वाया गेले एवढ्यावर भागलं असतं, तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण आपण ज्याला छापायचा मजकूर समजतो, ती प्रिंटरच्या लेखी बऱ्याचदा हुकमांची यादी असते. पोस्टस्क्रिप्ट, जिच्यात पानं प्रिंटरकडे जातात, ही चक्क एक प्रोग्रॅमिंग भाषा आहे. जर्मनीतल्या बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या येन्स म्युलर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 20 प्रिंटर तपासले. कुठे आतल्या फाइली वाचता आल्या, कुठे दुसऱ्याने छापायला दिलेला कागद पळवता आला. एकही प्रिंटर पूर्ण सुटला नाही. त्याआधी 2011 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या आंग कुई आणि साल्वातोरे स्टोल्फो यांनी एचपीच्या काही लेझर प्रिंटरना छपाईच्या कामातूनच नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, पाजून दाखवलं होतं. ते कंपनीकडूनच आलंय का, याची खातरजमा प्रिंटर करतच नव्हता. वर्तमानपत्रांनी उचलली ती प्रिंटर पेटण्याची शक्यता. प्रिंटरमध्ये जास्त तापल्यावर वीज तोडणारी सोय असते, असं कंपनीने सांगितलं आणि चर्चा तिथेच विझली. मला विचाराल तर आग ही त्यातली किरकोळ गोष्ट होती. प्रिंटर हा एक संगणक आहे, त्याच्याकडे तुमच्या वायफायचा पासवर्ड आहे, स्कॅन थेट ईमेल होत असेल तर त्या खात्याचाही असू शकतो, आणि घरातलं आधार, पॅन, सातबारा त्याच्याच काचेवरून जातं.

मग घरोघरी रोज असे कागद का पडत नाहीत? कारण मध्ये राउटर उभा आहे. सोसायटीच्या वॉचमनसारखा. आतल्या माणसाने मागवलेलं पार्सल तो आत सोडतो, न बोलावता आलेल्याला फाटकावरच थांबवतो. पण या वॉचमनमध्ये यूपीएनपी नावाची एक सवलत असते. आतलं कुठलंही यंत्र, मालकाला न विचारता, 'माझ्याकडे येणाऱ्यांना सोड' असं त्याला सांगू शकतं, आणि तो सोडतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सवलत बंद करा. एखादा गेम किंवा कॅमेरा कुरकुर करेल, तेव्हा बघता येईल. आणि राउटरचा स्वतःचा अॅडमिन पासवर्ड केबलवाल्याने लावून दिला तसाच असेल, तर आधी तो बदला. वॉचमनच परका असेल तर पुढचं सगळं फुकट.

फाटकाच्या आतला, म्हणजे शेजारचा, धोका निराळा. फोनवर वायफायची यादी उघडली की 'डायरेक्ट' पासून सुरू होणारं एखादं नाव दिसतं ना? तो कुणाचा तरी प्रिंटर असण्याची शक्यता मोठी. राउटरशिवाय थेट जोडता यावं म्हणून तो स्वतःचं छोटं वायफाय चालवतो, आणि काही प्रिंटरवर त्याचा मूळ पासवर्ड 12345678 असतो. वापरत नसाल तर बंद करा.

प्रिंटर झटकन जोडून देणारी डब्ल्यूपीएस ही सोयही अशीच. तिचा पिन 8 अंकी, म्हणजे कोट्यवधी शक्यता, असं वाटतं. पण 2011 च्या डिसेंबरमध्ये श्टेफान फीबोक यांनी दाखवलं, की पहिले 4 अंक बरोबर आहेत का, हे राउटर वेगळं सांगून टाकतो. तिथे 10 हजार शक्यता. उरलेल्या चारांतला शेवटचा नुसता पडताळणीचा, आधीच्या अंकांवरूनच ठरणारा, म्हणून तिथे 1 हजार. कोट्यवधींवरून गाडी 11 हजारांवर आली. ज्याने कुलपाला अर्धी किल्ली लागली की 'टक्' आवाज करायला शिकवलं, त्याला नमस्कार.

आता प्रिंटरचा स्वतःचा पासवर्ड. 2025 च्या जूनमध्ये रॅपिड7 या कंपनीने जाहीर केलं, की ब्रदर या प्रिंटर कंपनीच्या शेकडो मॉडेलांचा कारखान्यातला अॅडमिन पासवर्ड यंत्राच्या सीरियल नंबरवरून काढता येतो. दुसऱ्या एका त्रुटीमुळे तो नंबर लॉगिन न करताच मिळत होता. आधीच विकलेल्या यंत्रांत हे नुसत्या फर्मवेअरने पुरतं दुरुस्त होत नाही. उपाय एकच, तो पासवर्ड मालकाने बदलणं.

बदलायचा कसा? प्रिंटरच्या नेटवर्क मेनूतून त्याचा आयपी पत्ता काढा, 192.168 असा काहीतरी सुरू होतो. तो ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडेल, जे बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. पासवर्ड तिथेच बदलतो. टेलनेट, एफटीपी या यंत्रात दुरून शिरायच्या आणि फाइली पाठवायच्या जुन्या वाटा दिसल्या तर बंद करा. तुमचे फोन-लॅपटॉप आयपीपी या नव्या पद्धतीने छापत असतील तर 9100 ही बंद करून बघा. छपाई अडली तर पुन्हा चालू करता येते.

प्रिंटरला पाहुण्यांच्या वायफायवर टाका, असा सल्ला बरेच जण देतात. कल्पना चांगली आहे, पण मग घरातल्या फोनला प्रिंटर दिसेनासा होतो आणि दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं.

फर्मवेअर अपडेटचं दुखणं वेगळंच. अपडेट केलं की बाहेरून भरलेलं कार्ट्रिज चालेनासं होतं, ही भीती खोटी नाही. 2016 च्या सप्टेंबरमध्ये एचपीच्या काही मॉडेलांनी अचानक दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिज नाकारली होती. शाईच्या धंद्यासाठी कंपन्यांनी सुरक्षेच्याच वाटेवर काटे पेरले, असं माझं मत आहे. तरीही मी अपडेट करतो, कुरकुरत.

आणि प्रिंटर विकायचा किंवा भंगारात द्यायचा असेल, तर नुसतं रीसेट पुरेलच असं नाही. 2023 मध्ये कॅननने सांगितलं, की त्यांच्या जवळपास 200 इंकजेट मॉडेलांमध्ये नेहमीच्या रीसेटनंतरही वायफायची माहिती आत राहू शकते. त्यांनी दिलेला उपाय असा: सगळं रीसेट करा, वायफाय पुन्हा चालू करा, परत एकदा सगळं रीसेट करा. प्रिंटर आधीच देऊन बसला असाल, तर घरच्या वायफायचा पासवर्ड आजच बदला.