दोरा गोलावर धरावा

साताऱ्यात आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा न्यूयॉर्कला असतो. सुट्टी संपवून तो परत निघाला, तेव्हा काकू मोबाइलवर त्याचं विमान कुठवर पोचलं ते बघत बसल्या होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "अहो, हे बघा. विमान ग्रीनलंडपाशी काय करतंय? एवढ्या वर कशाला नेलंय?"

त्यांची शंका रास्त होती. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडा. रेघ अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को ओलांडून थेट अटलांटिकवर उतरते, ग्रीनलंडच्या आसपासही फिरकत नाही. पण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना काहीतरी ताणावंच लागतं. नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये केलेला नकाशा दर्यावर्दींना दिशा धरायला उत्तम होता, पण त्यात उत्तरेकडचे प्रदेश फुगतात. अंतर मोजायला तो कामाचा नाही.

मी मुलीचा पृथ्वीगोल घेतला आणि शिवणाचा दोरा. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर. दोरा ताणला की तो आपोआप उत्तरेला सरकतो. अफगाणिस्तान, कझाकस्तान, फिनलंड, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा, मग न्यूयॉर्क. आमच्या गोलाचा घेर ९४ सेंटिमीटर, दोरा भरला साडेएकोणतीस. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला, तर अंतर येतं सुमारे १२,५०० किलोमीटर. पट्टीच्या रेघेने गेलं तर ते १४,२०० च्या आसपास जातं. म्हणजे नकाशावरची 'वाकडी' वाट १,७०० किलोमीटरने जवळची! हा हिशेब प्रत्येक घरात एकदा करून बघावा, मुलं असतील तर नक्कीच.

विमानं अगदी दोऱ्यावरून जात नाहीत. वारा बघावा लागतो, शिवाय काही देशांचं आकाश बंद असतं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानवरून भारतीय विमानांना जाता येत नाही, त्यामुळे त्यांना पश्चिमेकडून वळसा पडतो.

काकूंचा पुढचा प्रश्न वेळेचा होता. "येताना लवकर येतो, जाताना जास्त वेळ लागतो, असं का?" आपल्याला खंबाटकीची सवय आहे. पुण्याहून येताना घाट, जाताना बोगदा, तिथे वाटच वेगळी. पण इथे फरक पडतो तो वाऱ्यामुळे.

अनेकांना वाटतं, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे अमेरिका आपणहून यायला हवी. साताऱ्याची जमीन पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताशी जवळपास १,६०० किलोमीटरने पूर्वेला जाते हे खरं. पण अजिंक्यताऱ्यावरची हवाही तिच्यासोबत तेवढ्याच वेगाने जात असते, आणि विमान त्या हवेतच उडतं. नाहीतर गच्चीवर वाळत घातलेले कपडे एका क्षणात उडाले असते.

खरा खेळ १०-१२ किलोमीटर उंचीवर चालतो. विषुववृत्ताकडची हवा तापते, ध्रुवाकडची थंड राहते. या फरकामुळे वर हवा उत्तरेकडे ढकलली जाते, पृथ्वीच्या फिरण्याने ती उजवीकडे वळते, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार झोत तयार होतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तापमानाचा फरक वाढतो, तसा झोतही वाढतो. कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. १९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हा वारा मोजला होता. त्यांनी अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत लिहिला, आणि जगाने तो फारसा वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तोच वारा आडवा आला.

विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. वारा नसेल तर १२,५०० किलोमीटरला १३ तास ५३ मिनिटं. वाटभर सरासरी ६० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर १३ तास, समोरून असेल तर १४ तास ५३ मिनिटं. म्हणजे जाण्यायेण्यात जवळजवळ दोन तासांचा फरक.

काकूंनी दोरा पुन्हा एकदा स्वतः ताणून बघितला, आणि मग म्हणाल्या, "म्हणजे आत्ता वारा समोरून लागतोय त्याला."