मुरमाच्या ट्रॅकवर सस्पेन्शनचं गणित

उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर बुश कातून मिळतो, स्प्रिंगखाली घालायचा स्पेसर हव्या त्या जाडीत संध्याकाळपर्यंत हातात येतो. त्यामुळे कोल्हापुरात ऑटोक्रॉसची गाडी बांधणं तसं सोपं. खरी परीक्षा शनिवारी सकाळी मुरमाच्या माळावर सुरू होते. शंकू आणि फितींनी आखलेली वळणं, मिनिट-दोन मिनिटांची फेरी आणि घड्याळ. दोन फेऱ्यांमधल्या थोड्या वेळात गाडीत काय बदलायचं, हे ठरवावं लागतं.

आधी एक फसगत समजून घ्यायला हवी. पहिल्या फेरीत मुरमावर भुकटी आणि सुटे खडे असतात. आठ-दहा गाड्या गेल्या की ते बाजूला फेकले जातात आणि खालचा घट्ट थर उघडा पडतो. दुपारपर्यंत तिथेच चाकोऱ्या पडतात. दरम्यान ड्रायव्हरलाही वळणं पाठ होतात. म्हणजे गाडीला हात न लावताही दुसऱ्या फेरीची वेळ सुधारू शकते. शॉकअपचा (स्प्रिंगचे हेलकावे आवरणारा दांडा) कडकपणा बदलणारा नॉब दोन क्लिक, म्हणजे दोन खाचा, फिरवला आणि एक सेकंद वाचला, तर तो सेकंद शॉकअपचा की माळाचा? सरावात यावर उपाय एकच: एका वेळी एकच बदल करायचा आणि तिसरी फेरी पुन्हा मूळ सेटिंगवर मारायची. तिसऱ्या फेरीत वेळ मागे गेली तरच बदल खरा. सरावाच्या फेऱ्या मोजक्या मिळतात, तरी ही तिसरी फेरी वाचवू नये.

आता वळणात काय घडतं ते पाहू. ड्रायव्हरसह 1000 किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंमी, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 145 सेंमी. मुरमावर 0.5 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वळलं, तर 1000 × 0.5 × 55 ÷ 145, म्हणजे सुमारे 190 किलो भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. बाहेर 690, आत 310. स्प्रिंग कडक घाला नाहीतर मऊ, हा एकूण आकडा जवळजवळ तोच राहतो. आपल्या हातात असते ती वाटणी: या 190 पैकी पुढच्या जोडीने किती घ्यायचे आणि मागच्या जोडीने किती. जी जोडी कडक, तिच्याकडे वाटा जास्त. आणि टायरचा स्वभाव असा की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून ज्या जोडीत भाराची उलथापालथ जास्त, तिची एकूण पकड कमी. सस्पेन्शनचं बहुतेक काम या एका गोष्टीवर उभं आहे.

पुढची चाकं ओढणारी हॅचबॅक वळणात नाकाने बाहेर पळते. तिला पुढून मऊ करायचं किंवा मागून कडक. मुरमावर पुढचा स्टॅबिलायझर बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचा झुकाव रोखणारा दांडा) सोडवणं बरेचदा फळतं, कारण आतलं चाक जमिनीवर टिकतं आणि इंजिनची ओढ वाया जात नाही. सोडवायचं तर दोन्ही बाजूंच्या लिंक, म्हणजे बारला जोडणारे छोटे दुवे, काढा आणि बार घट्ट बांधून ठेवा. एकच लिंक काढली की मोकळं टोक हेलकावत कुठेतरी आदळतं. मात्र काही जुन्या छोट्या गाड्यांत हाच बार लोअर आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला, पुढे-मागे धरून ठेवतो. तिथे त्याला अजिबात हात लावायचा नाही, चाकच जागा सोडेल.

टायरमधल्या हवेचं काम दोन मिनिटांचं, म्हणून पहिला प्रयोग तिथेच करावा. डिसेंबरात कोल्हापूरला पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास असतो. तेव्हा भरलेली 28 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा टायर 40 अंशांवर गेला की साडेतीन पीएसआयने वाढते. सकाळचा आकडा दुपारी खरा नसतो, तेव्हा प्रत्येक फेरीआधी मोजा. हवा फार उतरवली तर चाकोरीच्या काठावर टायर रिममधून निसटतो.

शॉकअपच्या रॉडवर एक केबल टाय आवळून रबरी बंपस्टॉपपासून (शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा) लांब, रॉडच्या दुसऱ्या टोकाला सरकवा. फेरी संपल्यावर तो कुठवर ढकलला गेला ते बघा. बंपस्टॉप दाबला जाईल इथवर टाय आला असेल, तर सस्पेन्शन तळाला आदळतंय. त्या क्षणी स्प्रिंग जणू दगडाची होते, भार एकदम वाढतो आणि गाडीचं ते टोक, पुढचं किंवा मागचं, झटक्यात सुटतं. ड्रायव्हर म्हणतो, ‘मधेच मागून शेपूट मारते.’ उंची 10 मिमी वाढवून पुन्हा बघा. उंची ठरवणारी स्प्रिंगखालची रिंग फिरवण्याआधी आटे वायर ब्रशने साफ करा. लाल धूळ आट्यात गेली की रिंग जाम होते. रॉडच्या सीलभोवती ओलसर धुळीचं कडं दिसलं तर तेल गळतंय समजा.

क्लिक नेहमी बंद टोकापासून मोजतात: नॉब हलक्या हाताने शेवटपर्यंत आवळायचा, मग मोजत मागे यायचं. दुपारी चाकोऱ्या पडल्यावर गाडी ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर खाली-खाली बसत गेली, तर रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा विरोध, जास्त आहे. दोन क्लिक सोडा. नागमोडी वळणांतला डगमगाट क्लिकने आवरतो, लांबलचक एकाच वळणातलं सरकणं मात्र बार, स्प्रिंग आणि हवेनेच सुधारतं.

टो (वरून पाहता चाकांचं आत-बाहेर वळणं) बदलायचा तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आधी, कारण स्ट्रटचा, म्हणजे चाकाला धरणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीचा, कॅम्बर हलला की टोही हलतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मधल्या रेषेशी समांतर नायलॉनची दोरी ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून अंतर मोजा. टाय रॉडचा (स्टीअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आटा 1.5 मिमीचा आणि स्टीअरिंग आर्म (चाकाला जोडलेला तरफेसारखा भाग) 13 सेंमीची असेल, तर एका पूर्ण फेऱ्याने 14 इंची रिमवर सुमारे 4 मिमी फरक पडतो. पाव फेरा म्हणजे 1 मिमी. दोन्हीकडे सारखाच फिरवा, नाहीतर सरळ जाताना स्टीअरिंग वाकडं राहील. जॅकवरून उतरलेली गाडी तशीच मोजू नका. टायर जमिनीला अडकून चाकं आत ओढलेली राहतात. दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, सीटवर ड्रायव्हर बसवा, मगच मोजा.

रविवारी स्पर्धेच्या फेरीआधी टाय रॉडच्या लॉकनटवर (सेटिंग पक्कं धरणारा नट) पांढऱ्या रंगाची आडवी रेघ ओढा, अर्धी नटवर आणि अर्धी रॉडवर. फेरीनंतर ती रेघ तुटलेली दिसली, तर नट सैल झाला आहे आणि त्या फेरीवरून सेटिंगचा कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही.