योल्चियेवा, मुनाजात
उझबेक अभिजात गायिका. जन्म १९६०, फरगाना खोऱ्यातील अंदीजान परिसरात. (बाबराचे जन्मस्थान म्हणून हे नाव मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे.) ताश्कंदच्या संगीत विद्यापीठात रबाब (तंतुवाद्य) वाजवणारे शवकत मिर्झायेव यांच्याकडे शिक्षण झाले. ‘बहार वॉल्ट्झ’ या धुनेचे कर्ते मुहम्मदजान मिर्झायेव हे शवकत यांचे वडील. मुनाजात यांचा आवाज ऐकून परीक्षकांनी त्यांना ऑपेराकडे वळवू पाहिले, पण त्यांनी पारंपरिक गायनाचाच आग्रह धरला, अशी हकिकत त्यांच्या परिचयांतून आढळते.

‘मुनाजात’ म्हणजे ईश्वराशी एकांतात केलेली आळवणी. याच नावाची एक प्रसिद्ध चाल असून ती कवी अलीशेर नवाई (१४४१–१५०१) यांच्या गझलेवर गायिली जाते. योल्चियेवांच्या आधीच्या पिढीत बेर्ता दाविदोवा यांनी ती लोकप्रिय केली होती. गझलेची रदीफ (ओळींच्या शेवटी पुन्हा येणारा शब्द) ‘केल्मदी’, म्हणजे ‘आली नाही’. मतल्याचा, म्हणजे पहिल्या शेराचा, आशय असा : रात्री येईन म्हणालेली ती सुरूच्या झाडासारखी, गुलाबमुखी आली नाही, पहाट होईपर्यंत डोळ्यांना झोपही आली नाही. उझबेक क्रियापदाला लिंग नसल्याने न आलेली व्यक्ती ती की तो, आणि प्रियजन की परमेश्वर, हे मुळात मोकळेच राहते. मराठीत ‘आली’ म्हणावेच लागते आणि अर्थाची एक बाजू निसटते.

योल्चियेवांची परंपरा कोणती, याबाबत मतभेद आहेत. परदेशी प्रसिद्धीत त्यांची ओळख सरसकट बुखाऱ्याच्या शशमकामची, म्हणजे सहा मकामांच्या (अभिजात रचनामालांच्या) परंपरेची, गायिका अशी करून दिली जाते. बुजुर्ग, रास्त, नवा, दुगाह, सेगाह व इराक हे ते सहा मकाम. संगीतकार व संगीत-संग्राहक व्ही. ए. उस्पेन्स्की यांनी १९२३ साली बुखाऱ्यात त्यांचे स्वरलेखन केले आणि पुढच्या वर्षी ते काव्यपाठाविना छापले गेले. याउलट फरगाना–ताश्कंद भागात चार मकामांचा, म्हणजे चोरमकामचा, वेगळा प्रघात आहे. शिक्षण, मूळ प्रदेश आणि गायिलेल्या रचना पाहता योल्चियेवांना या दुसऱ्या परंपरेत ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र दोन्ही परंपरांची देवाणघेवाण जुनी असल्याने सीमारेषा काटेकोर नाही.

मकामला राग समजणे चुकीचे ठरेल. येथे रचना बव्हंशी बांधीव असते, आणि गायकाचे कसब आवाज कोठे, किती राखून वापरायचा यात दिसते. आरंभीचा ‘दरामद’ खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा, ‘मियानखत’मध्ये स्वर थोडे चढतात, ‘दुनस्र’मध्ये तीच चाल सप्तकभर वर जाते, मग ‘अवज’ हे शिखर, आणि शेवटी ‘फुरोवर्द’ म्हणजे उतरण. दाइरा (डफासारखे वाद्य) ठेका धरून असतो. योल्चियेवांच्या ध्वनिमुद्रणांत दरामद इतका दबका असतो की नवख्याला गाणे सुरू झाल्याचे लगेच ध्यानात येत नाही. अवजला मात्र आवाज पूर्ण खुला होतो. स्वर हेलकावून काढलेल्या कण्हण्यासारख्या अलंकाराला ‘नाला’ म्हणतात. हा अलंकार त्या मोजकाच वापरतात.

अभिजात गायकाला उझबेकमध्ये ‘हाफिज’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द कुराण मुखोद्गत असलेल्या व्यक्तीसाठी रूढ असल्याने गल्लत होऊ शकते.

योल्चियेवांच्या शिक्षणाला संस्थात्मक आधार अलीकडचा. १९५०च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत धोरणाने मकामला सरंजामी अवशेष ठरवले होते; पुढे युनुस रजबी (१८९७–१९७६) यांचे संकलन आणि उझबेक रेडिओवरील मकाम-गायकवृंद यांमुळे त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली, आणि १९७२ मध्ये ताश्कंदच्या संगीत विद्यापीठात पौर्वात्य संगीताचा विभाग सुरू झाला. तेथेही शिकवणीचा गाभा ‘उस्ताज–शागिर्द’ नात्याचाच राहिला.

नवाईंखेरीज फुझूली, मश्रब या कवींच्या रचना त्यांनी गायिल्या. पॅरिसच्या ओकोरा कंपनीने १९९४ मध्ये, तर जर्मनीच्या नेटवर्क कंपनीने १९९७ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली.