लघवीतील आयोडीन चाचणीसाठी एनएबीएल मान्यता: अर्ज कोणी करावा, काय जोडावे

एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतीय संस्था. तिची मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, ती एकेका चाचणीला मिळते. साखर-कोलेस्टेरॉलसाठी मान्यता आहे म्हणून आयोडीनच्या निकालावर एनएबीएलचे चिन्ह छापता येत नाही. आधीची मान्यता असेल तर व्याप्ती वाढवण्यासाठी अर्ज करायचा, नसेल तर नवा. दोन्ही ऑनलाइन पोर्टलवरच. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 15189:2022 इथे लागू होते.

प्रयोगशाळा सरकारी, खासगी किंवा महाविद्यालयाची, कोणतीही चालते. कायदेशीर अस्तित्वाचा पुरावा मात्र हवा. चाचणी प्रत्यक्ष सुरू असावी, आणि अर्जाआधी अंतर्गत ऑडिट व व्यवस्थापन आढावा एकदा तरी झालेला असावा.

नोंदणीपत्र, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, सही करणाऱ्यांची पदवी व अनुभव, पिपेट आणि फोटोमीटरची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे ही कागदपत्रे बहुतेकांकडे असतात. घोडे अडते ते पद्धतीच्या फाइलवर.

आपल्याकडे ही चाचणी बहुधा सँडेल-कोल्थॉफ अभिक्रियेवर चालते. लघवी आधी अमोनियम परसल्फेटसोबत तापवून पचवायची, मग आर्सेनाइट आणि पिवळे सेरिक मीठ घालायचे. आयोडीन जितके जास्त, तितका पिवळा रंग लवकर उडतो. अभिक्रिया वेळेवर आणि तापमानावर चालते, म्हणून प्रत्येक नळी ठरलेल्या अंतरानेच वाचावी लागते. पद्धत प्रयोगशाळेने स्वतः बसवलेली असेल तर किटचे माहितीपत्रक जोडून भागत नाही. पूर्ण प्रमाणीकरण दाखवावे लागते. रोजच्या निकालांतला फरक, घातलेले आयोडीन किती परत मिळते, प्रमाणित संदर्भ नमुन्यावरचा निकाल, सर्वांत कमी मोजता येणारे प्रमाण. 50 आणि 100 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर या आकड्यांजवळची अचूकता विशेष जपा, कारण लोकांमधील आयोडीनच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष तिथेच फिरतात.

दूषितीकरणाची नोंदही याच फाइलमध्ये ठेवा. टेबल पोव्हिडोन-आयोडीनने पुसलेले असणे, किंवा नमुना घेतल्यावर त्याच बाटलीत लघवीची तपासपट्टी बुडवणे (काही पट्ट्यांत आयोडाइड असते), एवढ्यानेही निकाल भलताच चढतो. आर्सेनिकच्या टाकाऊ द्रवाची विल्हेवाट कशी लावता, हेही लिहून ठेवा. ते नाल्यात ओतता येत नाही.

बाह्य गुणवत्ता तपासणीचे समाधानकारक निकाल जोडावे लागतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने खास या चाचणीसाठी 2001 मध्ये ‘इक्विप’ हा तपासणी कार्यक्रम सुरू केला. त्यात वर्षातून तीनदा अज्ञात नमुने विनाशुल्क पाठवले जात. सध्या प्रवेश मिळतो का, ते आधी पाहा. योग्य योजना मिळालीच नाही, तर दुसऱ्या प्रयोगशाळेशी नमुने वाटून निकाल ताडणे मानकात बसते.

पुढे कागदपत्रांची छाननी, मग परीक्षकांची प्रत्यक्ष भेट. त्रुटी निघतातच, त्या ठरलेल्या मुदतीत पुराव्यासह मिटवायच्या, त्यानंतर समिती निर्णय घेते.

परीक्षक निकालपत्राचा नमुनाही पाहतात. तिथे एका रुग्णाच्या एका नमुन्यावरून ‘आयोडीनची कमतरता’ असा शेरा छापू नका. शाळकरी मुलांसाठी 100 ते 199 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही पुरेशा आयोडीनची मर्यादा गटाच्या मध्यकाची (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची) आहे. एकाच माणसाचा आकडा त्याच्या जेवणाप्रमाणे आणि तो किती पाणी पितो त्याप्रमाणे रोज वर-खाली होतो.