याम चा (हाँगकाँगमधील स्वस्त डिम सम)

याम चा : कँटनी भाषेत ‘याम’ म्हणजे पिणे आणि ‘चा’ म्हणजे चहा. उच्चार खरे तर ‘यम’च्या जवळ जातो, पण मराठीत तसे लिहिले की भलतेच दैवत पानात येऊन बसते, म्हणून येथे ‘याम’. आपला ‘चहा’, खेड्यातला ‘च्या’ आणि हा ‘चा’ ही एकाच चिनी शब्दाची लेकरे. दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांत, हाँगकाँग आणि मकाव येथे सकाळपासून दुपारपर्यंत चहाघरात बसून चहाबरोबर छोटे छोटे पदार्थ खाण्याचा जो रिवाज आहे, त्याला याम चा म्हणतात. त्या पदार्थांचे नाव डिम सम. दोन अक्षरांचा शब्दशः अर्थ ‘काळजाला स्पर्श’. बाहेरच्या जगात पदार्थांचे नाव रुळले. तिथला माणूस मात्र ‘डिम सम खायला’ जात नाही, ‘चहा प्यायला’ जातो. ग्वांगजौमध्ये (जुने नाव कँटन) सकाळी भेटल्यावर ‘चहा झाला का?’ असे विचारतात, आपण ‘जेवलात का?’ म्हणतो त्याच सुरात. निरोप घेताना ‘सवड झाली की चहा घेऊ’ म्हणायचे. त्यात तारीख ठरवण्याचा इरादा ‘या एकदा घरी’ इतपतच असतो.

भारतात डिम समची ओळख झाली ती बहुतेक महागड्या हॉटेलांतून, त्यामुळे तो श्रीमंती पदार्थ असल्याचा समज आहे. मुळात गोष्ट उलटी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ग्वांगजौमध्ये ‘दोन ली’ची चहाघरे होती. ली हे पैशाचे अगदी किरकोळ परिमाण. चहाचा दर दोन ली, म्हणून दुकानाचेच ते नाव पडले. लाकडी मेज, बाकडी, जाडीभरडी भांडी, आणि गिऱ्हाईक म्हणजे अंगमेहनत करणारी माणसे. पुढे मजल्यांची चहाघरे उभी राहिली. त्यांना ‘चा लाऊ’ म्हणत, म्हणजे चहाची माडी. जितके वर चढाल तितका चहा महाग. त्यावरून कँटनीत म्हणच आहे : पैसा असेल तर माडीवर माडी, नसेल तर जमिनीवर उकिडवे. साध्या गिऱ्हाइकाची नेहमीची मागणी ‘एक कप, दोन नग’ अशी असे : झाकणाच्या कपात चहा, सोबत दोन पाव किंवा दोन शुमाय (सारण भरून वाफवलेल्या पुरचुंड्या), आणि त्यावर अख्खे वर्तमानपत्र वाचून काढायचे. म्हातारी माणसे पक्ष्यांचे पिंजरे घेऊन चहाघरात येत.

हाँगकाँगच्या स्वस्त डिम सम दुकानात आज शिरले तर प्रथम जागा शोधावी लागते. गोल टेबलावर अनोळखी माणसांशेजारी बसणे यात कुणाला वावगे वाटत नाही. आपल्या जुन्या इराण्याकडे बसत तसेच. बसताच पहिला प्रश्न येतो : कोणता चहा? बो लेई (काळपट, मुरवलेला पू-अर), तिएगुआनयिन, मोगऱ्याचा वास दिलेला चहा, किंवा शेवंतीची फुले घातलेला बो लेई. चहाचे पैसे किटलीवर नव्हे, डोक्यावर लागतात. प्यायला नाही तरी लागतात. पहिला गरम चहा पोटात जात नाही. त्याने कप, वाटी, काड्या विसळून ते पाणी टेबलावरच्या वाडग्यात ओततात. भांडी स्वच्छ असली तरी विसळतात, सवयच ती. किटली रिकामी झाली की झाकण तिरके ठेवायचे, वाढपी न सांगता पाणी भरतो. दुसऱ्याने आपल्या कपात चहा ओतला तर बोलायचे नाही, दोन बोटे टेबलावर टकटक वाजवायची. आख्यायिका अशी की चीनचा छ्येनलुंग बादशाह वेष पालटून फिरत असताना त्याने नोकरांच्या कपात चहा ओतला. साष्टांग घातला तर बिंग फुटणार, म्हणून त्यांनी बोटांचे गुडघे टेकले.

मागणी देण्यासाठी छापील कागद आणि पेन्सिल मिळते. हव्या त्या पदार्थापुढे आकडा टाकायचा. पदार्थांची वर्गवारी लहान, मध्यम, मोठा, विशेष अशी असते आणि दर त्या वर्गाला असतो, पदार्थाला नव्हे. पूर्वी टेबलावर उरलेल्या ताटल्या मोजून बिल करत. पुढे टेबलावरच्या कार्डावर शिक्के मारू लागले. भल्या सकाळी आणि दुपारी गर्दी ओसरल्यावर दर उतरतात, म्हणून निवृत्त मंडळी घड्याळ बघून येतात. अलीकडे स्वस्त दुकानांत वाफवलेल्या पदार्थाच्या एका टोपलीला साधारण २० ते ३५ हाँगकाँग डॉलर पडतात. एका टोपलीत तीन-चार नग. चार जणांनी जाणे सोयीचे, कारण मग भांडण न होता दहा प्रकार चाखता येतात.

पदार्थांत मान हार गावचा, म्हणजे कोळंबीच्या पारदर्शक करंजीचा. मराठी स्वयंपाकघरातून पाहिले तर हा उकडीच्या मोदकाचा चुलतभाऊ. पारीसाठी गव्हाचा निव्वळ स्टार्च आणि थोडे टॅपिओका पीठ घेऊन उकळत्या पाण्याने मळतात. गव्हातला चिकटपणा काढून टाकलेला असल्याने, तांदळाच्या पिठाप्रमाणेच, उकड काढल्याशिवाय पारी वळतच नाही. लाटण्याऐवजी तेल लावलेल्या रुंद सुऱ्याच्या पात्याने गोळी दाबून पसरतात. मग एका बाजूला चुण्या घालायच्या. सात तरी हव्यात, दहाच्या पुढे गेल्या तर आचाऱ्याचा हात चांगला. पारी काडीने उचलताना फाटता कामा नये आणि तळाला चिकटता कामा नये. मोदक करणाऱ्या बाईला हे निकष समजावून सांगावे लागणार नाहीत. शुमाय हे डुकराच्या मांसाचे नि कोळंबीचे उघड्या तोंडाचे, पिवळ्या पारीतले. चा शिउ बाव म्हणजे गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाचा वाफवलेला पाव. तो डोक्यावर तडकून ‘हसला’ पाहिजे. चाँग फन ही तांदळाच्या पातळ घोळाची वाफवलेली सुरळी, वरून गोडसर सोया सॉस. लो माय गाय हा चिकट भात कोंबडीसह कमळाच्या पानात बांधून वाफवतात. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांप्रमाणे इथेही निम्मे काम पानाच्या वासाचे. शेवटी अंड्याचा टार्ट. मकावमधला वरून करपवलेला टार्ट हा १९८९ साली अँड्र्यू स्टो या इंग्रज माणसाने कोलोआन बेटावर पोर्तुगीज पेस्ट्रीवरून बेतला. (ते मकाव १८४४ पर्यंत कारभाराने गोव्याच्या हाताखाली होते, हे गोवेकरांनाही सहसा आठवत नाही.)

हे स्वस्त राहते कसे, हे कोंबडीच्या पंजांवरून कळते. कागदावर त्यांचे नाव ‘फिनिक्सचे पंजे’. आधी तळतात, मग थंड पाण्यात भिजवून कातडी फुगवतात, मग मसाल्यात शिजवतात आणि शेवटी आंबवलेल्या काळ्या सोयाबीनच्या सॉससह वाफवतात. माल मुळात स्वस्तातला, मेहनत मात्र चारपट. आतडी, बरगडीचे तुकडे, मुळ्याची वडी यांचाही हिशेब तसाच. याम चाची स्वस्ताई मालातून येते. मजुरी महागली की ती ताबडतोब डगमगते. म्हणून आज पुष्कळ स्वस्त दुकानांत माल मध्यवर्ती कारखान्यात बनून गोठलेला येतो आणि दुकानात फक्त वाफवला जातो. ‘मागणीनंतर ताजे बनवतो’ अशी पाटी दुकानांबाहेर लावावी लागते, यातच सगळे आले.

स्वस्ताईच्या बाबतीत टिम हो वान या दुकानाचे उदाहरण नेहमी देतात. लुंग किंग हीन या तीन मिशेलिन तारे (मिशेलिन या खाद्यमार्गदर्शिकेचा सर्वोच्च मान) मिळवणाऱ्या पहिल्या चिनी उपाहारगृहात काम केलेल्या माक क्वाय-पुय यांनी २००९ मध्ये माँगकॉक या दाटीच्या भागात जेमतेम वीसेक खुर्च्यांचे दुकान काढले. २०१० च्या मिशेलिन मार्गदर्शिकेत त्याला एक तारा मिळाला आणि ‘जगातले सर्वांत स्वस्त तारांकित उपाहारगृह’ म्हणून बाहेर रांगा लागल्या. तिथला भाजलेला, वरून खुसखुशीत चा शिउ बाव प्रसिद्ध झाला. पुढे देशोदेशी शाखा निघाल्या आणि परदेशातल्या शाखांत तो जुना भाव राहिला नाही. याउलट वेलिंग्टन स्ट्रीटवरचे लिन ह्युंग हे जुन्या वळणाचे चहाघर. तिथे डिम समच्या टोपल्यांची ढकलगाडी स्वयंपाकघरातून बाहेर येताच गिऱ्हाईकच कार्ड घेऊन तिच्यामागे धावे. ते २०२२ मध्ये बंद पडले आणि २०२४ मध्ये पुन्हा उघडले. ढकलगाड्या मात्र आता मोजक्याच ठिकाणी दिसतात. जागा अडते आणि ढकलायला माणसे लागतात.

भारतात या रिवाजाच्या सर्वांत जवळ जाते ते कोलकात्याच्या टिरेटा बाजारातले रविवारचे पहाटेचे चिनी खाणे. रस्त्याकडेला शुमाय आणि बाव विकतात आणि उशिरा उठणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मुंबई-पुण्यात डिम सम मिळतो, पण संध्याकाळच्या जेवणाआधीचा एक प्रकार म्हणून. चहा बाजूलाच राहतो. मोमोचे घराणे तिबेट-नेपाळचे, ते वेगळे.

शाकाहारी माणसाने हाँगकाँगमध्ये सावध असावे. मुळ्याच्या वडीत सुकी कोळंबी आणि सॉसेजचे तुकडे असतात, पिठात डुकराची चरबी असू शकते, आणि वाफवलेल्या गोळ्यांत गोमांसाचा प्रकार नेहमीचा आहे. हाँगकाँग पार्कमधील लॉक चा या चहाघरात डिम सम शाकाहारी मिळत असे; तो रस्त्यावरच्या दुकानाइतका स्वस्त नव्हता.