लसिका ग्रंथींचा शोध (मोठ्या आतड्याच्या कर्करोगात)

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेने काढलेल्या आतड्याच्या चरबीतून लसिका ग्रंथी (रोगप्रतिकार यंत्रणेतील लहान गाठी) वेचून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याच्या प्रयोगशाळेतील पद्धती. एका ग्रंथीत जरी कर्करोग सापडला, तरी रोग किमान तिसऱ्या टप्प्यातला ठरतो आणि शस्त्रक्रियेनंतर सहसा केमोथेरपी सुचवली जाते. १ ते ३ ग्रंथी बाधित असल्यास ‘एन १’ आणि ४ किंवा अधिक असल्यास ‘एन २’ अशी नोंद होते. किमान १२ ग्रंथी तपासाव्यात, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. पाच-सहाच सापडल्या आणि साऱ्या निरोगी निघाल्या, तर ‘ग्रंथींत रोग नाही’ या निर्वाळ्यावर विसंबणे धोक्याचे असते. न सापडलेल्या ग्रंथीत रोग असेल, तर हवे असलेले औषध रुग्णाला मिळतच नाही.

मूळ पद्धत हातांचीच. फॉर्मेलिनमध्ये (ऊतक सडू न देणाऱ्या द्रावणात) मुरलेल्या नमुन्याची चरबी सुरीने दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्यांत कापतात आणि प्रत्येक चकती अंगठा व बोटांमध्ये चिमटून पाहतात. चरबी दबते, ग्रंथी टणक लागते. ज्वारीच्या दाण्याएवढ्या ग्रंथीतही कर्करोग असू शकतो आणि नेमक्या अशाच ग्रंथी बोटांतून निसटतात. त्यामुळे संख्या कमी भरली, तर दुसऱ्या दिवशी चरबी पुन्हा चाचपावी. कोणत्याही रसायनाआधी हा उपाय करावा. त्याला वेळेखेरीज काही लागत नाही.

चरबी विरघळवण्यासाठी अल्कोहोल व झायलीन वापरतात. त्यात काही दिवस जातात आणि वाफा त्रासदायक असतात. काही द्रावणे चरबी न विरघळवता ग्रंथी उठून दिसाव्यात अशी बनवलेली आहेत. त्यांत रात्रभर ठेवलेल्या पिवळ्या चरबीत ग्रंथी खडूसारख्या पांढऱ्या दिसतात. त्यांपैकी एकात ईथर असते. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते आणि चटकन पेट घेते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथे वातानुकूलन व धूर ओढणारी पेटी नसलेल्या खोलीत हे द्रावण वापरूच नये. ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, इथेनॉल, पाणी आणि फॉर्माल्डिहाइड यांचे ईथरविरहित द्रावण खानदेशासाठी अधिक योग्य; मात्र इथेनॉलही ज्वालाग्राही असल्याने तेही आगीपासून दूरच ठेवावे लागते.

मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाची पद्धत स्वस्त आणि परिणामकारक आहे. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत पातळ केलेला रंग टोचला, की ग्रंथी निळ्या होऊन नजरेत भरतात. पण त्यासाठी नमुना ताजा असावा लागतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्रक्रियागृह व विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभाग एकाच संस्थेत असल्याने हे जमण्यासारखे आहे. तालुक्याच्या गावातून नमुना बरणीत घालून दूरच्या प्रयोगशाळेत धाडायचा असेल, तर रंग शल्यचिकित्सकानेच आधी टोचावा. मग आतडे उघडून, धुऊन, नमुन्याच्या दहापट फॉर्मेलिनमध्ये बुडवावे. उन्हाळ्यात कोरड्या किंवा अर्ध्या भरलेल्या बरणीतला नमुना वाटेतच सडू लागतो आणि सडलेल्या ग्रंथीतल्या पेशी ओळखता येत नाहीत.

गुदाशयाच्या कर्करोगात आधी किरणोपचार झाले असतील, तर ग्रंथी आक्रसतात आणि कसून शोधूनही १२ भरत नाहीत. म्हणून झालेले उपचार नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेले असावेत. एरवी ही कमतरता शोधणाऱ्याची की उपचारांची, हे अहवाल वाचणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाला कळत नाही.